मुदीरच्या पिस्तुलाचं सर्व्हिसिंग

चहा आलाय तर आधी घोटभर घ्या आणि कप खाली ठेवा. पुढचं ऐकताना तो हातात असलेला बरा नाही, मागच्या वेळी एकाचा शर्ट गेला. मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण हा त्यातला मानाचा.

मी मुनाफ, श्रीवर्धनचा. रियाधमध्ये एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे, आमचं यार्ड अल सुलैला गोदामांच्या गर्दीत. कंपनीचा मालक आणि मुदीर, म्हणजे साहेब, एकच. अबू सालेह. अबू म्हणजे बाप. इथे माणसाला मान द्यायचा तर त्याच्या मुलाच्या नावानं हाक मारतात, सालेहचा बाप म्हणून अबू सालेह. माझा इम्रान सहा वर्षांचा झाला तरी मला कुणी 'अबू इम्रान' म्हणत नव्हतं. साहेब 'या मुहंदिस', म्हणजे 'ए इंजिनियर' म्हणायचा. मी डिप्लोमावाला, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पण वाटायचं हो, कधीतरी आपल्यालाही अबू म्हणावं.

तर गोष्ट अशी, की माझ्या धाकट्या बहिणीचं, नाझनीनचं लग्न ठरलं. नेमकं जुलैत. आता रियाधच्या जुलैत एसीवाल्यानं सुट्टी मागायची म्हणजे ऐन रोज्यांत आचाऱ्यानं मागण्यासारखं. पण अब्बा गेल्यापासून घरात मोठा मीच. मांडवात बापाच्या जागी उभं राहायला दुसरं कोण होतं? नाझनीन रोज फोनवर एकच विचारायची, "भाई, तू येशील ना?" आणि मी रोज हो म्हणायचो. साहेबाला विचारायची मात्र हिंमत होत नव्हती.

एका सकाळी हिय्या करून केबिनमध्ये शिरलो. आमचं बोलणं अर्धं अरबी आणि अर्धं हिंदी असतं, तुम्हाला सरळ मराठीत सांगतो.

"साहेब, सुट्टी हवी होती. बहिणीचं लग्न आहे."

"कधी?"

"जुलैत."

साहेबानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याची गाडी मागितली. "जुलैत लग्न कोण करतं?"

मी काही बोलणार, तेवढ्यात तो स्वतःच्याच दुःखाकडे वळला. साहेबाला नेमबाजीचा नाद. रीतसर परवान्याचं बावीस बोअरचं छोटं पिस्तूल आहे, ते क्लबातच ठेवलेलं असतं. त्या पिस्तुलानं संप केला होता. दोन गोळ्या सुटल्या की तिसरी अडायची. आणि पुढच्या गुरुवारी मॅच होती, तीही मेव्हण्याबरोबर. मेव्हण्याचं नाव अबू तुर्की. त्याच्याकडून हरण्यापेक्षा साहेबानं कंपनी विकली असती.

इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण माझ्या तोंडाला कुलूप नाही. "साहेब, मी कॉलेजात एनसीसीत होतो. बावीस बोअरची रायफल चालवलीय."

चालवलीय म्हणजे काय, आयुष्यात एकदा पालथं झोपवून पाच गोळ्या मारायला दिल्या होत्या. एक शेजारच्याच्या निशाणावर लागली, बाकीच्यांचा पत्ता नाही. हे साहेबाला सांगायची गरज मला वाटली नाही.

साहेब खुर्चीतून पुढे सरकला. "म्हणजे तुला यातलं कळतं?"

"मशीन ते मशीन, साहेब. एसी काय आणि पिस्तूल काय."

"पिस्तूल नीट कर, सुट्टी तुझी. खलास."

त्याच संध्याकाळी क्लबात गेलो. साहेबानं गोळ्या झाडून दाखवल्या, मी हाताची घडी घालून डॉक्टरासारखा बघत राहिलो. गोळ्या एका चपट्या डबीत एकावर एक बसतात, तिला मॅगझिन म्हणतात. तळाला स्प्रिंग, त्यावर पट्टी, ती पट्टी गोळ्यांना वर ढकलते. गोळी वर आली की पिस्तुलाची स्लाइड तिला पुढे लोटते. पट्टीनं आळस केला तर स्लाइड मोकळीच पुढे जाते, किंवा गोळी नाक खाली घालून अडकते. मी मॅगझिनमध्ये बोट घातलं, ते काळंकुट्ट बाहेर आलं. या गोळ्यांवर मेणासारखा थर असतो, त्याचा आणि बारूदाच्या काजळीचा चिखल झालेला.

निदान बरोबर होतं, हे कृपा करून लक्षात ठेवा. माझ्या बाजूनं बोलण्यासारखी या गोष्टीत ती एकच जागा आहे.

"सर्व्हिसिंग लागेल," मी म्हणालो. पिस्तूल क्लबातून हलणार नव्हतं. साहेबानं रिकामं मॅगझिन माझ्या हातात ठेवलं. मी म्हणालो, दुसरंही द्या, एकाचं करतोय तर दोघांचं करतो. पाहिलंत? संकटाला सुटं मॅगझिन असतं, ते मी स्वतः मागून घेतलं.

शुक्रवारी नमाज आणि बिर्याणी आटोपून मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दुकान मांडलं. भांड्याच्या साबणानं दोन्ही मॅगझिनं घासली, जुन्या ब्रशनं कोपरे काढले, पंख्याखाली वाळवली. लख्ख झाली. आता तेल. यार्डातलं मशीनचं तेल मला जाड वाटलं. आणि मला अम्माचं शिलाई मशीन आठवलं. श्रीवर्धनला आमच्या घरी त्या मशीनला जन्मभर घरच्या नारळाचं खोबरेल मिळालं आणि ते एकदाही अडलं नाही. बिजागऱ्यांना खोबरेल, कुलपाला खोबरेल, कान दुखला तरी खोबरेल. पिस्तुलानं काय घोडं मारलं होतं?

माझी बायको सलमा दारात उभी राहून बघत होती. "अहो, ते खोबरेल आहे."

"दिसतंय मला."

"बंदुकीला कसलं तेल घालतात ते विचारा तरी कुणाला."

"अम्माच्या मशीनला चाळीस वर्षं चाललं."

"अम्मा श्रीवर्धनला होत्या," ती म्हणाली आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. या वाक्यात केवढं ज्ञान होतं! पण बायकोच्या वाक्यात ज्ञान शोधायची सवय कुणाला असते?

दोन्ही मॅगझिनांत, स्प्रिंगवर, पट्टीवर, सगळीकडे सढळ हातानं तेल घातलं. स्वयंपाकघर भट्टीसारखं तापलेलं, तेल पाण्यासारखं पळत होतं. पट्टी बोटानं दाबली आणि सोडली, टुणकन वर. मी स्वतःवर खूश झालो.

गुरुवारी मॅचच्या आधी क्लबच्या उघड्या मैदानावर चाचणी झाली. ऊन असं, की गाडीच्या दाराला हात लावताना रुमाल घ्यावा लागत होता. साहेबानं एक मॅगझिन रिकामं केलं, मग दुसरं. एकही गोळी अडली नाही. साहेबानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "मुहंदिस, सुट्टी पक्की. बहिणीला सांग."

मी तिथूनच नाझनीनला फोन लावला. ती रडायला लागली, मग मलाही भरून आलं. आमच्या दोघांचं रडणं आटोपलं आणि मी मॅच बघायला आत गेलो.

मॅच होती आतल्या बंद हॉलमध्ये. तिथल्या एसीचं कंत्राट कुणाकडे? आमच्याकडे. दोन्हीकडचे भाऊ, चुलते, मित्र जमलेले, हॉल भरलेला. साहेब कपाळ पुसत म्हणाला, "गरम होतंय." मी लगेच पॅनेलपाशी गेलो आणि तापमान अठरावर आणलं. शिवाय साहेबाच्या टेबलावर, जिथे ती दोन मॅगझिनं ठेवली होती, वरच्या जाळीचा झोत नेमका तिथे वळवला. याला म्हणतात सेवा.

पहिल्या फेरीत साहेबाचे नेम सुरेख बसले. अबू तुर्कीचा चेहरा उतरला. दुसऱ्या फेरीत दुसरी गोळी अडली.

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "गोळ्यांचा दोष आहे. महागातल्या घ्या."

महागातल्या आल्या. पहिली सुटली, पुढची वर आलीच नाही. स्लाइड मोकळी पुढे गेली आणि पिस्तूल नुसतं टिचकी वाजवून गप्प.

"मॅगझिन बदला." दुसरं लावलं, तेही तसंच. होणारच, त्यालाही मीच न्हाऊमाखू घातलं होतं.

"मी उजेडात बघून आणतो," म्हणून मॅगझिनमधल्या गोळ्या काढायला लावून मी ते बाहेर नेलं. उन्हात उभा राहून नीट निरखलं, पट्टी दाबली. टुणकन वर. आत आणलं, अडलं. पुन्हा बाहेर नेलं, टुणकन. आत, ठप्प. मशीन आपली चेष्टा करतंय असं तुम्हाला कधी वाटलंय? मला त्या दिवशी खात्री झाली. अबू तुर्कीच्या गोटातले लोक मी दाराशी आलो की टाळ्या वाजवायला लागले.

आता एकच भाग तपासायचा राहिला होता, तो म्हणजे साहेब. पिस्तूल सैल धरलं तरी असं होतं, हे मी रात्री इंटरनेटवर वाचलं होतं. मी भर हॉलमध्ये मोठ्यानं म्हणालो, "साहेब, पिस्तुलात काही नाही. तुमचं मनगट ढिलं पडतंय."

मेव्हण्यासमोर माणसाचं मनगट ढिलं म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हाला इथं वेगळं सांगायला नको. साहेब कानापर्यंत लाल झाला, घाम फुटला. आणि मी काय केलं असेल? साहेबाला घाम आलेला पाहून पुन्हा पॅनेलपाशी गेलो आणि एसी सोळावर आणला.

त्यानंतर एकही गोळी वर आली नाही. मॅच संपली, साहेब हरला.

अबू तुर्की हसत हसत टेबलापाशी आला, मॅगझिन उचललं आणि नाकाशी नेलं. "वास ओळखीचा आहे. आमच्याकडे केरळची बाई मुलींच्या डोक्याला लावते तो."

साहेबानं मॅगझिनचं बूड सरकवून स्प्रिंग बाहेर ओढली. स्प्रिंगच्या वेढ्यावेढ्यात पांढरं, घट्ट, साजुक तुपासारखं काहीतरी बसलं होतं. साहेबानं ते बोटावर घेतलं.

"हे काय आहे? चीज?"

माझ्या डोळ्यांसमोर आमचं न्हाणीघर आलं. दर जानेवारीत रियाधच्या थंडीनं खोबरेलाची बाटली गोठते आणि सलमा ती गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करते. दर जानेवारीत. आणि मी रोज बघतो. श्रीवर्धनला तेल गोठायची वेळच येत नाही, म्हणून अम्माचं मशीन सुखात राहिलं. आणि थंडावा विकून पोट भरणारा मी, त्या तेलावर स्वतःच्या हातानं एसी सोडत बसलो होतो. तोही तीन वेळा.

"साहेब," मी म्हणालो, "हे खोबरेल आहे. थंडीत गोठतं."

"आणि थंडी कुणी केली?"

मी पॅनेलकडे बघितलं. हॉलमधल्या सगळ्यांनी पॅनेलकडे बघितलं. मग अबू तुर्की असा हसला, की त्याला खुर्ची द्यावी लागली.

परतीच्या गाडीत साहेबाशेजारी बसलो. सुट्टी गेली, हे मी धरून चाललो. नाझनीनला काय तोंडानं सांगू, याचीच जुळवाजुळव करत होतो. यार्डच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा साहेब म्हणाला, "सुट्टी किती दिवसांची मागितलीस?"

"दोन आठवडे, साहेब. पण आता..."

"महिनाभर जा. दोन आठवड्यांनी परतीची मॅच आहे. तू या देशात नसलेला बरा." मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, तर हसत होता. "यल्ला, जा आता, अबू जौज अल-हिंद."

अबू! ऐकलंत? दुसऱ्या दिवसापासून सगळं यार्ड मला त्याच नावानं हाक मारू लागलं. चहावाला, गाडीवाले, फाटकावरचा सुद्धा.

लग्नाच्या दिवशी मी मांडवात होतो, बापाच्या जागी. नाझनीनचा हात हातात घेतला तेव्हा वाटलं, हरला तर हरला साहेब, माझं काम झालं. तेवढ्यात साहेबाचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन स्पीकरवर टाकला, नव्या सोयऱ्यांना जरा कळू दे. साहेब खणखणीत आवाजात म्हणाला, "मबरूक, या अबू जौज अल-हिंद!"

मांडव थक्क झाला. मामू माझ्याकडे कौतुकानं बघत नवऱ्याच्या वडिलांना म्हणाले, "बघा, आमच्या मुनाफला मालक स्वतः अबू म्हणतो." मग मला विचारलं, "पण पुढचं ते काय रे, जौज अल-हिंद?"

मी आवाज भारदस्त केला. "हुद्दा आहे, मामू. इंजिनियर लोकांना देतात."

मागून सलमा खजुराचं ताट घेऊन येत होती. थांबलीसुद्धा नाही.

"नारळाचा बाप," ती म्हणाली आणि ताट घेऊन पुढे गेली.