स्वयंपाकघरातली फळी

आमच्या गल्लीत त्यांना सगळे मोजपट्टी म्हणत. हे नाव त्यांच्या कचेरीतून आलं होतं. ते पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे, आणि इतरांच्या खिशाला पेन असतं तिथं त्यांच्या खिशाला गुंडाळीची टेप असायची. कुणाकडे चहाला गेले तरी बोलता बोलता टेबलाची उंची मोजून घेत आणि यजमानाला सांगत, "दोन बोटं कमी हवी होती." मुलं तोंडावर मोजपट्टीकाका म्हणत. त्याचा त्यांना राग येत नसे. मला वाटतं, मनातून आवडतच असावं.

त्यांचं घर माझ्या घरासमोर आहे. त्यामुळे त्यांचं गॅरेज मी जन्मभर पाहिलं असं म्हणायला हरकत नाही. जागा लहान. गाडी आत घेतली की दोन्ही बाजूंनी माणूस पोट आत ओढून सरकेल एवढीच. गाडीही लहान, गोल नाकाची, दुधावरच्या सायीच्या रंगाची. कचेरीतल्या एका सोबत्याकडून घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. हिला जपायची तर हिचं सामान आधी जपायला हवं, असं ते म्हणाले आणि त्यांनी करवत हातात घेतली.

सुतार त्यांनी कधी लावला नाही. पहिल्यांदा भिंतीवर भोकांची मोठी पाटी बसवली आणि तिच्यावर पाने, पकडी, हातोड्या टांगल्या. मग प्रत्येक हत्याराच्या कडेनं ब्रश फिरवून त्याची आकृती रंगवली. काय जागेवर नाही ते लांबूनच कळतं, असं ते मला कौतुकानं दाखवत. प्लॅस्टिकच्या पाइपचे तिरपे तुकडे कापून त्यात स्क्रू ड्रायव्हर उभे केले. छताला कप्पी लावून टपावरचा कॅरिअर दोरीनं वर चढवला. गाडी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत सरकेल असं एक अरुंद, कमरेएवढं कपाट केलं आणि त्याला चाकं लावली. ते बोटानं ओढलं तरी येई. दार उघडताना रंग खरवडू नये म्हणून भिंतीला रबराची पट्टी लावली. आणि छतातून दोरीला टेनिसचा एक चेंडू सोडला. गाडी आत घेताना चेंडू पुढच्या काचेला टेकला की थांबायचं. त्याच्यापुढे गेलं तर कपाटाला धक्का, अलीकडे राहिलं तर शटर लागत नाही.

गाडीचा मिस्त्री एकदा ते सगळं पाहून म्हणाला होता, "साहेब, पुढच्या जन्मी तुमच्याकडे पाना व्हायला आवडेल मला." गल्लीत पुष्कळ दिवस हा विनोद चालला.

वहिनीही हसल्या होत्या. वहिनी म्हणजे त्यांची बायको. बुटकी, गोल चेहऱ्याची, कामाला वाघ. त्यांचं स्वयंपाकघर आधीच्या मालकानं बांधलेलं, आणि तो माणूस उंच असावा. कपाटं सगळी वर. पीठ, तांदूळ, साखर, काहीही काढायचं तर वहिनी स्टुलावर चढत. त्यात त्यांच्या बरण्या एकेक करून गॅरेजात जात. झाकणं फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूनं बसवून त्यांत नटबोल्ट भरून बरण्या फिरवून अडकवायच्या, ही नवऱ्याची युक्ती होती, आणि ती चांगलीच होती. वहिनी मला म्हणायच्या, "साखर एके दिवशी पिशवीत दिसली, तेव्हा समजलं मला की गाडीचे नवे बोल्ट आलेत."

त्यांनी नवऱ्याकडे मागितलं ते एवढंच. हाताला येईल अशी एक फळी, ओट्याच्या वर. रोजचे डबे राहतील एवढी.

ते नाही म्हणाले नाहीत. हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण ते कधीच कशाला नाही म्हणत नसत. त्याच संध्याकाळी पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात आले, वहिनींना भिंतीशी उभं करून हात वर करायला सांगितलं, आणि बोटांच्या टोकाशी एक बारीक आडवी रेघ ओढली. फळी कापली, घासली, तिला पॉलिश दिलं. सुंदर फळी होती. मग त्या थंडीत गाडीची बॅटरी वरचेवर उतरू लागली. चार्जर ठेवायला कोरडी जागा हवी होती, आणि ती फळी तयार होती. ती गॅरेजात लागली. वहिनींना ते म्हणाले, उद्या दुसरी कापतो.

उद्या गाडीचं काहीतरी निघे. ते खोटं बोलत नव्हते. निघतच असे.

पुढे घराला रंग द्यायचा झाला. रंगारी स्वयंपाकघरात आला तेव्हा हे दारात उभे राहिले आणि त्याला म्हणाले, ती खूण पुसायची नाही, तिच्या भोवतीनं रंग दे. रंगारी बिचारा गोंधळला. पण त्यानं खुणेभोवती बोटभर चौकोन सोडून दिला. नंतर आणखी एकदा रंग झाला, तेव्हाही तसंच. निळसर भिंतीत तो जुन्या पिवळ्या रंगाचा चौकोन आणि त्यात ती रेघ. कुणी आलं की वहिनी तो दाखवत. "आमच्याकडे फळी नाही, पण फळीचं स्मारक आहे," म्हणत. सगळे हसत, तेही हसत. मीसुद्धा हसले आहे.

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, हे निवृत्त झाले. वहिनींचे गुडघे कुरकुरू लागले तरी स्टूल होतंच. रविवारी सकाळी गाडी बाहेर निघे. वहिनी पायाखाली वर्तमानपत्र घालून पुढच्या सीटवर बसत, गल्लीला एक फेरी होई, आणि गाडी परत आत. चेंडू काचेला टेके. मग तासभर पुसपास.

वहिनी पडल्या त्या दिवशी पिठाचा डबा काढत होत्या. मी आवाज ऐकला नाही. वहिनींना सावरून मदतीसाठी धावत येणारे तेच मला दिसले, अंगभर पीठ. खांदा आणि मांडी, दोन्ही हाडं मोडली होती. इस्पितळानंतर मुलीनं त्यांना आपल्या घरी नेलं. तिथं तिला सगळं बघता येत होतं.

ते इथं एकटे राहिले, आणि त्यांनी काम काढलं.

तसं काम मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं. दिवसभर ड्रिलचा आवाज. वरची कपाटं उतरवली. चार्जरखालची ती पॉलिशची फळी सोडवून आणली. पाणसळ लावून, तिरपी नाही ना ते बघून, ती अगदी खुणेवर बसवली, आणि तिच्या जोडीला ओळीनं आणखी. प्रत्येक डब्याखाली त्याच्या बुडाएवढं वर्तुळ रंगवलं. उलथनी, डाव, सांडशी टांगायला भोकांची पाटी केली आणि तिच्यावर त्यांच्या आकृत्या काढल्या. गॅरेजातल्या बरण्या धुऊन, पुसून परत आणल्या. मला बोलावून सगळं दाखवलं. त्यांचे डोळे त्या दिवशी अगदी लहान मुलासारखे झाले होते. बाई, आता तिला स्टूल लागणार नाही, म्हणाले. स्टूल त्यांनी मोडून टाकलं होतं.

मी छान झालंय म्हणाले. झालंच होतं छान.

वहिनी परत आल्या तेव्हा मीही तिथं होते. मुलगी हात धरून घेऊन आली होती. वॉकर टेकत टेकत वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या आणि एकेक फळी बघत गेल्या. हे बाजूला उभे, हातात टेप. वहिनी ओट्याशी गेल्या. एका हातानं वॉकर धरून दुसरा हात साखरेच्या डब्याकडे उचलला. हात हनुवटीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच.

ते पुढं झाले, टेप खुणेला लावली, आणि म्हणाले, "माप बरोबर आहे. खूण इथंच होती."

"खूण बरोबर आहे हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तेव्हाचा हात मोजलाय."

मुलीनं तोंड फिरवलं. ते फळीकडे बघत राहिले, जणू फळीच काहीतरी बोलेल. मग म्हणाले, "खाली घेतो. उद्याच घेतो."

वहिनी एकदम हसल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं, पण ते हसू मला परत बघायचं नाही. "मिस्त्री बरोबर बोलला होता," म्हणाल्या. "पाना व्हायला पाहिजे होतं."

मुलगी व्यवहारी. ती म्हणाली की फळ्या खाली येतील तेव्हा येतील, तोवर गॅरेजातलं ते चाकांचं कपाट आत आणू. कमरेएवढं आहे, ओढलं की येतं, आईला खुर्चीत बसूनसुद्धा सगळं हाताशी राहील. खरंच होतं. इतकं सोपं होतं की आम्हा कुणाला आधी सुचलं नाही याची मला लाज वाटली.

त्यांनी टेप आत सोडली, पुन्हा बाहेर ओढली. मग हळूच म्हणाले, "ते तिथल्या मापाचं आहे."

आणि समजावूनही सांगू लागले. त्यात तेलाचे डबे आहेत, वास जाणार नाही. फटीत ते नसलं तर जॅक कुठं ठेवायचा. इथं ओट्याला लावलं तर दाराशी अडकेल, बोटभर तरी. प्रत्येक कारण खरं असावं. त्यांनी मोजलेलं होतं.

वहिनींनी मध्येच हात केला. "राहू दे. चल ग," मुलीला म्हणाल्या. आणि जशा आल्या तशा परत निघाल्या. बॅग उघडलीही नव्हती. जाताना दारात माझा हात धरून म्हणाल्या, घराकडे लक्ष ठेवा. नवऱ्याकडे लक्ष ठेवा असं त्या म्हणाल्या नाहीत. पण त्यांच्या मनात तेच असावं असं मी धरून चालते.

तो वाईट माणूस नव्हता. हे लिहिताना तीच माझी अडचण आहे. वाईट असता तर दोन ओळींत आटपलं असतं. रागानं ओरडला नाही, हात उगारला नाही, कधी व्यसन नाही. दिलेला शब्द मोडायचा त्याच्या मनात नसे. तो फक्त रेघ ओढून ठेवी, आणि रेघ ओढली म्हणजे काम झालं असं त्याला मनापासून वाटे. भिंतीवरची खूण तो पुसू देत नव्हता यालाच तो प्रेम समजत होता. थोडंफार होतंही.

त्यांनी फळ्या उतरवल्या. जुनी भोकं लांबी भरून बुजवली. पण खाली किती घ्यायच्या ते त्यांना ठरवता येईना. शेवटी मुलीला फोन केला की आईचा हात आता कुठवर जातो ते भिंतीशी मोजून कळव. हा फोन त्यांनी माझ्याच घरून केला, त्यांचा बिघडला होता म्हणून. पलीकडे मुलीनं आईला विचारलेलं ऐकू आलं, आणि वहिनींचं उत्तरही ऐकू आलं. त्या मोठ्यानंच बोलल्या.

"मोजायला या म्हणावं."

त्यांनी फोन ठेवला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले की बसचा प्रवास त्यांना सोसत नाही, पण गाडीनं जाता येईल. वहिनींना आवडेल गाडीनं गेलेलं. येताना त्यांना पुढच्या सीटवर बसवून आणता येईल, मांडीखाली उशी दिली की झालं. मी म्हटलं, जा, नक्की जा. मला खरोखर बरं वाटलं. मी डबा करून देते म्हणाले, तर त्यांनी मान डोलावली.

पुढच्या रविवारी सकाळी शटर वर गेलं. गाडी धुतलेली, चारी चाकं पुसलेली. पुढच्या सीटवर उशी. मी खिडकीतून डबा दिला, त्यांनी तो मागे नीट आडवा ठेवला, घसरू नये म्हणून बाजूला फडका खोचला. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली आणि वळली. मी पडदा सोडून कामाला लागले.

भांडी घासून होताहेत तोच इंजिनाचा आवाज आला. तोच, ओळखीचा. बाहेर आले तर गाडी परत येत होती. उतरून मला म्हणाले, मोठा रस्ता खणलाय बाई, पार पुलापर्यंत. खडी टाकलीय. खालून पत्रा लागला असता. रस्ता झाला की जातो.

तो रस्ता खणलेला होता हे खरं होतं. बसेस त्यावरूनच जात होत्या, हेही खरं होतं.

त्यांनी डबा परत दिला, अजून गरम होता. मग गाडीत बसून ती हळूहळू आत घेतली. मी डबा हातात घेऊन बघत होते. पुढच्या सीटवर ती उशी तशीच होती. चेंडू काचेला टेकला, आणि गाडी थांबली.

पुढं रस्ता तयार झाला. फळ्या अजून भिंतीला टेकून उभ्या आहेत.