तीनचा वर्ग साडेनऊ

साहेबांनी स्लाइड रूलला हळदकुंकू वाहिलं आणि फुलाने वर सढळ हाताने पाणी शिंपडलं, तेव्हा मी प्रोबेशनवर होतो. म्हणून गप्प बसलो. खंडेनवमीला जो तो आपापल्या हत्यारांची पूजा करतो. नौपाड्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग ऑफिसात हत्यार एकच, साहेबांचा विलायती स्लाइड रूल.

हा रूल म्हणजे लाकडी पट्टी, मधोमध सरकणारी दुसरी पट्टी आणि वर काचेचा कर्सर. आकडे सेल्युलॉइडच्या पातळ पट्ट्यांवर. सरकपट्टी खालच्या आकड्यांशी जुळवली की गुणाकार होतो. खालच्या आकड्यावर कर्सर ठेवला की अगदी वरच्या ओळीत त्याचा वर्ग मिळतो, आणि उलट वाचलं की वर्गमूळ.

दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं, तर खालचं सेल्युलॉइड सुटून हातात आलं. ड्राफ्ट्समन परुळेकरांनी ते डिंकाने चिकटवलं. डावीकडे जरा लाकूड उघडं राहिलं, उजवीकडची कड बाहेर आली. ती त्यांनी ब्लेडने छाटली. लाकूड फुगलंय, म्हणाले.

साहेबांनी लगेच कल्याणच्या पाण्याच्या टाकीखालच्या बीमचं गणित केलं. बीमची खोली, म्हणजे उभी जाडी, वर्गमुळाने काढतात. मी लॉग टेबलवरून ताळा केला, तर साहेबांची खोली पाऊण इंच कमी. ड्रॉइंग दुपारी साइटवर जाणार होतं. वर टाकीभर पाणी, आणि माझं कन्फर्मेशन साहेबांच्या सहीवर. तरी बोललो.

"लॉग टेबल शाळेतल्या पोरांना," साहेब म्हणाले आणि सगळ्यांसमोर दोन गुणिले तीन करून दाखवले. बरोबर सहा. आजवर हे उत्तर कोणालाच आलं नव्हतं, अशा कौतुकाने परुळेकर बघत होते.

"सर, आता तीनचा वर्ग बघता का?"

साडेनऊ. साहेबांनी कर्सर रुमालाने पुसला. पुन्हा साडेनऊ. गुणाकारात ही चुकीच्या जागी चिकटलेली खालची पट्टी सरकपट्टीशीच जुळत होती, म्हणून चूक लपली. वरच्या ओळीशी गाठ पडली तेव्हा उघडी पडली.

"हवा दमट आहे," साहेब म्हणाले. परुळेकरांनी खिडकी लावली.

ड्रॉइंग थांबलं. खोली वाढली. साहेबांनी आपल्या दीर्घ अनुभवातून ती वाढवल्याचं कॉन्ट्रॅक्टरला कळवण्यात आलं. बीम उत्तम उभा राहिला. माझं कन्फर्मेशन तीन महिने लांबलं. शेरा होता, 'वरिष्ठांवर विश्वास कमी.'

तेव्हापासून साहेबाची चूक सापडली की मी ती आधी यंत्राच्या नावावर मांडतो. यंत्राला कन्फर्मेशन नको असतं.