खांबाला हात लावणारे काका

आमच्या न्यू जर्सीच्या गावातला जुना टाउन हॉल इंग्लंडमधल्या बाजारगावांच्या धर्तीवर बांधलेला आहे. खाली दगडी खांब आणि मोकळ्या कमानी. तिथे पूर्वी लोणी-अंडी विकायला बसत. वर लाकडी जमिनीचं सभागृह. हे सगळं मला त्या काकांनी सांगितलं. पुण्यात इंजिनिअर होते, आता मुलाकडे राहतात आणि शनिवारी तिथे हौसेने गाइडचं काम करतात. नाव मी कधी विचारलंच नाही. बोलता बोलता ते मध्येच थांबतात, एखाद्या खांबावर तळहात टेकवतात आणि डॉक्टरसारखं "हं" म्हणतात. त्या "हं"ची मला भीती वाटते.

गणपतीला आमच्या मराठी मंडळाने वरचा हॉल बुक केला. काका एकदाच म्हणाले, "आरती करा, जेवणं करा. लेझीम नको. एका तालात साठ मुलांची उडी या तुळयांना सोसायची नाही."

आमची कमिटी हसली. "काका, चिल! परमिट आहे."

लेझीम सुरू झाली आणि काका दिसेनात, म्हणून मी खाली गेले. प्रत्येक ठेक्याला वरून बारीक धूळ पडत होती. काका मधल्या खांबाला हात लावून, वर बघत उभे होते.

"काका, बाहेर तरी या!"

"तुळई तडकली तर पहिला आवाज इथेच येईल," ते म्हणाले. "तो ऐकायला कोणीतरी हवं."

वर माझी मुलगी पहिल्या रांगेत होती. धावत जाऊन मी लेझीम थांबवायला हवी होती. पण कमिटी पुन्हा हसेल, म्हणून मी शेजारच्या खांबावर तळहात टेकवला.