सतरा अर्जांतला ज्वालामुखी

कचेरीच्या जिन्याखाली एक टेबल आहे. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. त्या टेबलामागं चाळीस वर्षं अर्ज लिहून देणारे गृहस्थ बसतात. पाटीवरचं त्यांचं नाव कधीच पुसलं गेलंय. लोकांनी ठेवलेलं तेवढं राहिलं, अलंकारमामा.

नाव उगाच पडलं नव्हतं. मामांच्या खणात लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही असायची. तिच्यात चाळीस वर्षांत जमवलेली वाक्यं. पहिली पानं संकटाची, मग विनंतीची, शेवटची दरडावणीची. माणूस आपली कर्मकहाणी सांगायचा, मामा डोळे मिटून ऐकायचे आणि विचारायचे, "साधं घालू की भारदस्त?" साधं कुणीच मागत नसे. ज्याच्या आयुष्यात काहीच भारदस्त नाही, तो अर्जात तरी कशाला सोडेल?

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं सगळं नोटिसा, कायदे आणि भांडणं यांतून शिकले. मामांशी माझं जमायचं ते भांडूनच. कामकरी बायकांची भांडणं मी लढते, म्हणून मला ते 'पुढारीणबाई' म्हणत आणि मी आले की वही खणात सरकवत.

त्या वर्षी इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीतल्या सतरा बायका माझ्याकडे आल्या. तिथल्या बॉयलरला एक व्हॉल्व्ह होता. वाफ फार झाली की तो आपोआप उघडायचा. उघडला की काम थांबायचं, म्हणून मुकादमानं तो तारेनं बांधून टाकला होता. बॉयलरला लागून असलेल्या इस्त्रीच्या प्रेसवर मामांची सून उभी असायची.

मी सगळ्यांना घेऊन जिन्याखाली गेले आणि म्हटलं, "मामा, जोरदार लिहा." हे माझेच शब्द. आज नाकारून चालायचं नाही.

पंधरा दिवसांनी कचेरीतल्या कारखाना-निरीक्षकबाईंनी मला वर बोलावलं. समोर अर्जांची चळत होती.

"सतरा बायका," त्या म्हणाल्या. "आणि सतराही जणी लिहितात, 'आम्ही ज्वालामुखीच्या तोंडावर बसून पोट भरतो.' एकीनं तरी ज्वालामुखी पाहिलाय का?"

"बाई, ती बोलायची पद्धत असते."

"कुणाची? या बायकांची नक्कीच नाही. मालक म्हणतो अर्ज कुणीतरी लिहवून घेतलेत. मी नोटीस देऊन गेले तेव्हा तिथं तार नव्हती."

"नोटीस देऊन गेलात म्हणूनच नव्हती!" मी टेबलावर हात आपटला.

"आवाज खाली. न सांगता छापा घालायचा तर मला पटेल असं काहीतरी हातात हवं. गुरुवारी अकरापर्यंत प्रत्येकीचं स्वतःचं म्हणणं आणा. नाहीतर प्रकरण बंद."

तो सोमवार होता. बॉयलर रोज सकाळी सातला पेटत होता.

मी जिने उतरले ती मामांवर बरसतच. "सतरा जणींना एकच वाक्य? अहो, वराती काढल्यात की काय, सगळ्यांना एकच बँड?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "चांगलं वाक्य होतं, म्हणून दिलं."

"चांगलं? त्यानं मालकाचा वकील खूश झालाय!"

"माझ्या घरचं माणूस आहे त्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "वहीतलं सगळ्यात चांगलं काढलं मी. दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं."

राग तर होता, पण आता तो कुणावर काढायचा?

मंगळवारी मामांनी साधं लिहायचा प्रयत्न केला. 'बॉयलर धोकादायक आहे' एवढं लिहून कागद फाडला. "हे काय वाक्य आहे? हे तर नुसतं उभं आहे." दुसरा फाडला, तिसराही. दुपारपर्यंत टेबलाखाली कागदांचा ढीग झाला. मी लाँड्रीच्या फाटकापाशी जाऊन आले. आतून वाफेचा आवाज येत होता. येत होता म्हणून धीर वाटला, आणि धीर वाटल्याची लाज.

बुधवारी पाळी सुटल्यावर बायका जिन्याखाली जमल्या. मी वही काढून घेतली आणि मामांना बजावलं, "ती बोलेल तेच लिहायचं. कानामात्रा वाढवायची नाही."

एक म्हणाली, "मुकादमाच्या खिशात पक्कड असते. मी जेवायच्या सुट्टीत त्याला तार पिळताना बघितलं."

दुसरी म्हणाली, "चादर टाकताना माझा एक कान मागंच असतो."

मामांचा पेन थबकला. "कान मागं... याला जरा—"

"मामा!"

"बरं, बरं. कान मागं."

तिसरी हसत म्हणाली, "पोराला शाळेत सोडून निघाले की मी वळून बघत नाही. वळले तर कामावर पाय निघायचा नाही." हसणं मध्येच थांबलं. मामांनी तसंच लिहिलं.

शेवटी सून पुढं आली. पदर खोचलेला, मनगटावर भाजल्याचा जुना डाग.

"बोल," मामा म्हणाले.

"सकाळी आत गेले की मी आधी बॉयलरकडे बघते," ती म्हणाली. "दारू पिऊन घरी आलेल्या माणसाकडे बघतो ना आपण, आज कसा आहे म्हणून, तसं. आवाज करत असला तर बरं. गप्प झाला की मग हातातलं सगळं खाली ठेवते."

मामांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, याची गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. पण कुणी विचारलंच तर मामा म्हणत, "त्याची प्रकृती जरा नाजूक असते." ते वाक्यही त्यांनी बहुधा फार वर्षांपूर्वी शोधून ठेवलं असावं.

पेन कागदावर टेकला होता. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"हे असंच लिहू?"

"असंच लिहा, मामंजी. दुसरं मला सुचत नाही."

"कचेरीत चारचौघांत वाचतील, पोरी."

"बॉयलर फुटला तरी चारचौघांतच फुटेल."

मामांनी लिहिलं. शब्द एकही बदलला नाही.

गुरुवारी पावणेअकराला आम्ही वर गेलो. निरीक्षकबाई एकेक कागद वाचत होत्या, वकील पाय हलवत होता. मी बोटांवर कागद मोजत होते. सतरावा कागद हातात आला आणि बाई थांबल्या. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

वकील म्हणाला, "हेही कुणीतरी सुचवलेलंच दिसतंय. हे काय, कादंबरीतलं आहे?"

सुनेनं मान खाली घातली. तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. मामा उभे होते.

"माझ्या घरातलं आहे," ते म्हणाले. "दारू पिऊन येतो तो माझा मुलगा. हिला त्याच्याकडे तसं बघताना मी रोज बघतो. कागद मी लिहिला, वाक्य हिचं आहे." मग म्हणाले, "ज्वालामुखी माझा होता."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि शिपायाला गाडी काढायला सांगितली. वकिलानं फोन काढला, तर म्हणाल्या, "तो टेबलावर ठेवा आणि माझ्याबरोबर चला."

बाराच्या सुमारास लाँड्रीत तार सापडली, पक्कडसुद्धा. बॉयलर थंड करून त्याला सील लागलं. बायका रस्त्यावर येऊन एकमेकींना धरून रडल्या. मीही रडले असेन. डोळ्यांत वाफ गेली असं सांगितलं.

संध्याकाळी सून आणि मामा यांच्याबरोबर मी त्यांच्या घरापर्यंत गेले. दुसऱ्या मजल्यावर दार लोटलेलं. आतून काहीच आवाज नव्हता. सून उंबऱ्याआधी थांबली आणि हातातली पिशवी खाली ठेवली. रोज तशीच थांबत असणार.

मामा एरवी तिला तिथं सोडून गॅलरीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे म्हणे. त्या दिवशी तेही थांबले, तिच्या शेजारी. मग तिला मागं सारून त्यांनी स्वतः दार ढकललं.