डबा परत येतो

आमच्या समोरच्या काकू बेल कधीच वाजवत नाहीत. किल्ल्यांच्या जुडग्यानं दार ठोकतात आणि ते उघडायच्या आधीच बोलायला लागतात. शेंद्र्याजवळ मेंढरं घेऊन उतरलेल्या धनगरांच्या मुलांना दिवाळीचा फराळ द्यायचं आमच्या बिल्डिंगनं ठरवलं, तेव्हा काकूंनी दारोदार फर्मान काढलं.

"पिशव्या नाय चालणार. घरातला स्टीलचा डबा द्या."

"डबे परत येणार नाहीत, काकू," सोसायटीचे चेअरमन हसत म्हणाले.

"येतेत. पिशवी फेकून देतेत लोक. डबा नाय."

मी आमचा चेपलेला डबा पुढं केला. काकूंनी तो उलटसुलट पाहिला आणि परत माझ्याच हातात ठेवला. मग चांगला द्यावा लागला.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी पुन्हा किल्ल्या वाजल्या. काकूंनी आमचा डबा माझ्या हातात दिला, राखेनं घासून लख्ख केलेला आणि चांगलाच जड. आत तिकडच्या टेकडीवरची पिकलेली सीताफळं होती. मुलांनी एकाही घराचा डबा रिकामा धाडला नव्हता.

चेअरमनचं दार काकूंनी जरा जास्तच जोरात ठोकलं. त्यांचा डबा देऊन झाल्यावर जिन्यातूनच मला म्हणाल्या, "डबा माळ्यावर टाकू नका. संक्रांतीला भरून धाडायचाय."