निर्जंतुक खत

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा इस्पितळानं त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक भाषण दिलं. घड्याळ दोन दिवसांत बंद पडलं. भाषण तेवढंही टिकलं नाही.

चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना नावानं कुणी हाक मारली असेल तर ती पगारपत्रकानं. दूधवाला, शेजारी, समोरच्या घरातली तीन वर्षांची पोर, सगळ्यांच्या त्या सिस्टर. फक्त धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणे. हा भाऊ त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, त्याला वाढवता वाढवता लग्नाचं वय निघून गेलं. कुणी त्याबद्दल विचारलंच तर सिस्टर म्हणत, "वॉर्डात गर्दी होती." विचारणारा हसायचा, आणि विषय मिटायचा.

आता घरात माणसं चार. सिस्टर, भाऊ, भावजय आणि कॉलेजात जाणारी भाची. भावजय पोस्टात काम करायची आणि घरी आल्यावर स्वयंपाकघर चालवायची. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत सिस्टरना प्रवेश नव्हता. असा नियम कुणी भिंतीवर लिहिला नव्हता, पण वीस वर्षांपूर्वी एक मोठं भांडण झालं होतं आणि त्यानंतर दोघी त्या नियमाप्रमाणे सुखानं नांदत होत्या. सिस्टर नोकरीवर असेपर्यंत ते जमलं. निवृत्तीनंतर मात्र सिस्टरना सकाळी सहा ते रात्री दहा काय करायचं हेच कळेना. त्यांनी पडदे धुतले. मग धुतलेले पडदे धुतले. मग भाचीची वह्या-पुस्तकं स्पिरिटनं पुसायला घेतली, तेव्हा भाची म्हणाली, "आत्या, तू काहीतरी छंद लाव ना. जिवंत गोष्टीचा."

घराच्या बाजूला फाटकापासून मागच्या नळापर्यंत मातीचा एक लांबट पट्टा होता. तिथे तुटक्या विटा, एक गंजलेली सायकल आणि गवत सुखानं राहत होतं. सिस्टरनी जाहीर केलं, "मी इथे भाज्या लावणार. खत घरच्या कचऱ्याचं. औषधाचा एक थेंब नाही."

भावानं जेवता जेवता मान वर केली. "ताई, तिथे मी सिमेंट करून घेणार आहे. गाडी बुक केलीय."

"गाडी कधी येणार?"

"आठ महिन्यांनी."

"मग आठ महिने पट्टा माझा. गाडी येण्याआधीचा एक आठवडा, सात दिवस, या घरात बाहेरची भाजी आली नाही तर गाडी रस्त्यावर. आली तर ओत तुझं सिमेंट."

भाऊ हसला. "ताई, तुझ्या हातून आजवर फक्त इंजेक्शनं उगवलीत."

"बघच तू."

पैज लागली. भाची साक्षीदार झाली. भावजयनं ताटं उचलली. पैज सगळ्यांच्या लेखी गाडीची होती. सिस्टरच्या लेखी ती गाडीची नव्हती. ज्या घरात त्यांनी एका माणसाला लहानाचं मोठं केलं, त्या घरात आता आपण नसलो तरी कुणाचं काही अडत नाही, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळून चुकलं होतं. आपल्या हातचं काहीतरी या चार ताटांत रोज पडावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण असं तोंडानं बोलून दाखवतील तर त्या सिस्टर कसल्या!

कोपऱ्यावरच्या रोपवाल्याकडून त्यांनी खताचं ज्ञान मिळवलं. हा रोपवाला अघळपघळ माणूस. त्याच्या नखांत कायम माती, आणि त्याच नखांनी तो पैसे मोजी, बिडी वळी आणि कान खाजवी. सिस्टर त्याच्याशी दोन हात अंतर ठेवून बोलत. तो म्हणाला, "पिंपाला भोकं पाडा. एक थर ओला कचरा, एक थर सुका पाला. वर आंबट ताक शिंपडा. आठवड्यातून एकदा हलवा. बाकी काही करायचं नाही. कुजू द्यायचं."

'काही करायचं नाही' हा सल्ला सिस्टरना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता, आणि तो त्यांनी अर्थातच पाळला नाही.

पिंप आलं. भोकं पडली. साली, देठ, चहाचा चोथा, पाला, सगळं थरावर थर. सिस्टर हातमोजे घालून, नाकाला फडकं बांधून उभ्या. खिळ्याला एक तक्ता टांगला होता: तारीख, वेळ, वास, शेरा. दहाव्या दिवशी 'वास' या रकान्यात त्यांनी 'नाही' असं लिहिलं आणि त्यांना फार अभिमान वाटला. विसाव्या दिवशीही 'नाही'. शेजारणीला बोलावून त्यांनी पिंप उघडून दाखवलं. "लोक म्हणतात खताला घाण येते. स्वच्छता ठेवली तर कशाला येईल?" दोन महिन्यांनी पिंप उघडलं, तर पहिल्या दिवशी टाकलेली केळ्याची साल जशीच्या तशी, थोडी काळवंडलेली पण अब्रू राखून. बटाट्याच्या सालींकडे पाहून तर वाटलं, धुऊन पुन्हा बटाट्याला चिकटवता येतील.

रोपवाल्याला बोलावणं धाडलं. त्यानं पिंपात डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

"हा वास कसला? इस्पितळाचा?"

"फिनेल," सिस्टर म्हणाल्या. "अगदी थोडं. पाण्यात घालून."

"किती वेळा?"

"रोज सकाळी. आणि हलवल्यावर एकदा."

रोपवाला विटांच्या ढिगावर बसला. आधी तो खोकला, मग हसला, मग डोळे पुसले. "सिस्टर, अहो, आत जे लाखो कामगार फुकटात काम करायला येतात, त्यांना तुम्ही रोज सकाळी फाटकातच मारत होता! खत कोण करणार? तुम्ही?"

सिस्टरचा चेहरा असा झाला, की रोपवाल्यानं हसणं आवरलं. चौतीस वर्षं जे केलं म्हणून माणसं वाचली, तेच केल्यानं इथे सगळं मेलं होतं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. आठातले दोन महिने फुकट गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंप रिकामं केलं, धुतलं, तीन दिवस उन्हात ठेवलं आणि फिनेलची बाटली शेजारणीला देऊन टाकली. ही गोष्ट सोपी वाटते तशी नव्हती. दारुड्यानं बाटली देऊन टाकावी तशी ती होती. पहिल्या आठवड्यात पिंपाला वास आला. दुसऱ्यात अळ्या झाल्या. सिस्टर पिंपापाशी उभ्या राहत, हाताची घडी घट्ट घालून, आणि काहीही करत नसत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी हातमोजा काढला आणि उघडा हात कोपरापर्यंत आत घातला. आत गरम होतं. "शंभरच्या वर आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात त्यांनी बराच वेळ तिथे ठेवला.

तीन महिन्यांनी खत झालं. काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं. तोवर रोपं तयार होतीच. पट्ट्यावर सहा वाफे पडले आणि त्यांना नंबर मिळाले. सकाळ-संध्याकाळ सिस्टरची फेरी निघे. "चार नंबरची वांगी मरगळलीत." "दोन नंबरच्या भेंडीवर मावा आलाय, कडुनिंबाचं पाणी मारलंय, गुण येईल." जेवताना त्या हेच बोलत. गांडुळांना त्या 'माझी नाइट ड्यूटीची पोरं' म्हणत. एकदा तळहातावर एक गांडूळ घेऊन त्या थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. "बघ गं, कसं गलेलठ्ठ झालंय!" भावजय कणीक मळत होती. ती बघून कसनुशी हसली आणि हात धुवायला गेली.

आणि भाज्या आल्या. धो धो आल्या. भेंडी, वांगी, टोमॅटो, पालक, मिरच्या. गाडी यायला आठवडा उरला तेव्हा पैजेचे सात दिवस सुरू झाले. सिस्टर रोज संध्याकाळी धुतलेली भाजी टोपलीत घालून उंबऱ्यावर ठेवत. रात्री ताटात भाजी येई. भाऊ घास घेई आणि डोळे मिटी.

"वा ताई! बाजारातल्या भेंडीला ही चव नाही."

"लक्षात येतं ना?"

"येतं म्हणजे? जमीन-अस्मानाचा फरक!"

भाची ताटात बघत बसे. सिस्टर त्या आठवड्यात दहा वर्षांनी तरुण दिसल्या, असं शेजारीण म्हणे.

सहाव्या दिवशी सकाळी कचरेवाली आली. ही बाई रोज दाराशी गाडी लावून घराघरांतला सुका कचरा नेई. सिस्टर फाटकाशी वाफे बघत होत्या. तिनं गाडी थांबवली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सिस्टर, एक सांगू? तुमच्या हाताला देवानं गुण दिलाय बघा. काल ती वांगी केली. पोरांनी भांडं पुसून खाल्लं."

"कुठली वांगी?"

"तुमचीच की. वहिनी रोज सकाळी वेगळी पिशवी देतात, वर बांधून. म्हणाल्या, घरात भाजी फार होते. पाच दिवस झाले, आमच्या घरी भाजी विकत आणली नाही!"

सिस्टर म्हणाल्या, "अच्छा." एवढंच. मग त्या आत गेल्या आणि वीस वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला. भावजय पोस्टात जायच्या घाईत डबा भरत होती. ओट्याखाली दुकानाची पिशवी होती. त्यात भेंडी होती, सरळ, एका मापाची.

भावजयनं पिशवीकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं, आणि डबा ओट्यावर ठेवला.

"ताई, मी पहिल्या दिवशी केली होती तुमचीच. खरंच सांगते. शिजवली, ताटात घेतली. घास तोंडाशी नेला, तर तो तळहातावरचा किडा दिसला."

"तो किडा नाही. गांडूळ."

"माहितीये. पण मला कुणी शिकवलंय ताई? नवी नवरी होते तेव्हा तुम्ही माझी नखं दिव्याखाली धरून बघितलीत. पालकाच्या एका पानाला माती दिसली म्हणून भरलं पातेलं बेसिनमध्ये ओतलंत. चार पाहुण्यांदेखत. त्या दिवसापासून मी कोपरापर्यंत हात धुते. तीस अंक मोजून. अजून. तुम्ही सहा महिन्यांत बदललात. मला कसं जमणार?"

सिस्टरना ते पातेलं आठवलं. त्यांना हेही आठवलं, की तेव्हा आपल्याला फार बरोबर वाटलं होतं.

"त्याला माहीत आहे?"

भावजय म्हणाली, "त्यांनीच सांगितलं, ताईला कळू देऊ नकोस. तिला बरं वाटतंय, वाटू दे."

"आणि पोरीला?"

"तिलाही."

सिस्टरनी मान हलवली. चौतीस वर्षं वॉर्डात त्यांनी हेच केलं होतं. जो वाचणार नाही अशा पेशंटच्या उशाशी जाऊन, चादर नीट करत म्हणायचं, "आज चेहरा किती छान दिसतोय!" नवीन पोरींना त्या तो सूर शिकवत. फार उंच नको, फार गोड नको, डोळ्यांत बघून बोलायचं. भावानं काहीच चुकवलं नव्हतं. फक्त त्यानं भेंडी खाताना डोळे मिटले होते.

सातव्या दिवशी रात्री भावानं ताट बाजूला सारलं आणि टेबलावर बोटांनी ताल धरला. "ताई, मी हरलो! गाडी रस्त्यावर. पट्टा तुझा. शब्द म्हणजे शब्द."

भाची तिच्या आत्याकडे बघत होती. भावजय कुणाकडेच बघत नव्हती.

"नको," सिस्टर म्हणाल्या. "गाडी आत लाव. रस्त्यावर पोरं ओरखडे काढतात."

"अगं, पण तू जिंकलीस."

"हो. जिंकले ना. मग आता मी म्हणेन तसं करायचं."

भावाला काय समजायचं ते समजलं. तो म्हणाला, "ताई, ऐक..." पण सिस्टर उठून हात धुवायला गेल्या होत्या, आणि त्यांना हात धुवायला नेहमीच वेळ लागे.

तीन दिवसांनी गवंडी आला. त्यानं वाफे सपाट केले. वांग्याची झाडं मुळासकट उपटून भिंतीशी टाकली. त्यांना अजून फळं लटकत होती. खडी पसरली, सिमेंट कालवलं. सिस्टर फाटकाशी उभ्या राहून बघत होत्या. तेवढ्यात कचरेवालीची गाडी आली. ती थांबली. उपटलेल्या झाडांकडे, खडीकडे तिनं पाहिलं.

"सिस्टर? हे काय हो? चांगली होती की झाडं."

"गाडी लावायची आहे."

"अशी एकाएकी?" ती जरा घुटमळली. झाडांकडे बोट करून तिनं हळूच विचारलं, "ही तरी नेऊ का मी? आणि मग... पुढं काही नाही का आता?"

"ने. पुढं काय, वांगी बाजारात मिळतात," सिस्टर म्हणाल्या.

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, हे असं म्हणायचं नव्हतं. हिच्या घरात आपल्या हातचं आठवडाभर भांडं पुसून खाल्लं गेलं होतं, पण आपण ते घर मोजलंच नव्हतं. काहीतरी दुसरं बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. कचरेवाली वाकून झाडं गोळा करत होती. तिची पाठ त्यांच्याकडे होती.

त्या गवंड्याकडे वळल्या. "अरे, उतार रस्त्याच्या बाजूला दे. इकडे दिलास तर सगळं पाणी दारात येईल."

गवंड्यानं मान डोलावली आणि फळी उलटी फिरवली.