'ओ' न आलेली हाक

कुरखेड्याहून गडचिरोलीला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर लॅपटॉप, आणि एंटर दाबताना बोट असं आपटायची, की जणू कुणाचं टाळकंच फोडतेय.

"काही बिघडलं का, ताई?"

"बिघडलं नाई भाऊ, बिघडवून ठेवलं."

वनोपज खरेदी केंद्राचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायला जाऊन ती परतत होती; शेवटचा बदल एसटीतच चालला होता. मालाचं नाव टाकलं की कोड त्याच नावाची मेथड, म्हणजे ते काम करणारा तुकडा, शोधून चालवायचा. मोहाला मोहाची, हिरड्याला हिरड्याची. मधाची मेथड कुणी लिहिलीच नव्हती. तरी पडद्यावर हिरव्या अक्षरात 'जमा झालं' यायचं, कारण चूक आली तर गुपचूप गिळून टाकायची, अशी सोय आधीच्या शहाण्यानं करून ठेवली होती.

एका म्हातारीनं मध दिला, पैसे मागायला गेली तर त्याची नोंदच नाही. केंद्रवाल्यानं भर बाजारात तिलाच खोटारडी ठरवलं. ऐकून माझंही डोकं फिरलं.

"आमच्या गावात भाऊ, अंगणातून हाक मारली, तर आतून 'ओ' आल्याबिगर मानूस उंबरठा ओलांडत नाई. अन् या कोडनं रिकाम्या घराले हाक मारली, वरतून सांगतलं, भेट झाली!"

तिचं बोट पुन्हा एंटरवर आपटलं. आता मेथड सापडली नाही, तर पडदा लाल होऊन तिथेच थांबणार होता.

"पण केंद्राचं काम अडेल ना?"

"अडू द्या. लोकं मशीनले शिव्या देतीन. आतापर्यंत म्हातारीले देऊन राह्यले होते."